पैसे परत फिरवण्याचा अधिकार

केनियात मोबाइलवरून चुकीच्या नंबरला पैसे गेले, तर करायची गोष्ट सोपी आहे. व्यवहार झाल्याचा जो एसएमएस येतो, तो तसाच ४५६ या क्रमांकाला फॉरवर्ड करायचा. समोरच्याने तोवर पैसे काढून घेतले नसतील, तर ते परत मिळण्याची आशा असते. बिटकॉइन चुकीच्या पत्त्यावर गेले, तर फॉरवर्ड करायला क्रमांकच नाही. पलीकडे कोणी बसलेलेच नाही. आणि हे त्या व्यवस्थेतले न्यून नव्हे. तिच्या पुरस्कर्त्यांच्या मते हाच तिचा मुख्य गुण आहे.

विकसनशील देशांत डिजिटल पैसा कसा असावा, या वादात सहसा वेग, शुल्क, ग्राहकसंख्या यांबद्दल बोलले जाते. मला त्यामागचा प्रश्न नैतिक वाटतो. झालेला व्यवहार उलटवण्याचा अधिकार कोणाकडे असावा का? आणि असला, तर तोच अधिकार उद्या माझ्यावर चालवला जाणार नाही, हे कोण बघणार?

हा प्रश्न मला पडतो तो नोकरीमुळे. मी पेमेंटचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. आमच्या बॅक-ऑफिसच्या स्क्रीनवर दोन बटणे शेजारी शेजारी आहेत. एकाने व्यवहार उलटवता येतो, दुसऱ्याने खाते गोठवता येते. दोन्हींना परवानगी एकच लागते. कोडच्या दृष्टीने ते अगदी रास्त आहे, कारण पैसे परत आणायचे तर आधी ते जागच्या जागी धरून ठेवावे लागतात. म्हणजे दया दाखवणारा हात आणि गळा धरणारा हात एकाच खांद्याला जोडलेले आहेत. एक हवा, दुसरा नको, असे म्हणायची सोय नाही.

आधी केनियाचे बघू. मार्च २००७मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने एम-पेसा सुरू केले. ‘एम’ म्हणजे मोबाइल आणि ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश अमलात १९२०पर्यंत रुपयाच चालत होता, तेव्हा हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटावा यात नवल नाही. कल्पना साधी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रोख द्यायची, तो तेवढी रक्कम तुमच्या फोनच्या खात्यात टाकतो. गावाकडची व्यक्ती तिकडच्या दुकानदाराकडून रोख घेते. ग्राहकांची खरी रक्कम बँकेतल्या विश्वस्त खात्यात पडून असते. साधा बटणांचा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. सुरुवातीच्या जाहिरातींचा भर घरी पैसे पाठवण्यावर होता. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींवर ज्यांची घरे चालली, त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको. त्याआधी नैरोबीतला कामगार बसच्या ड्रायव्हरजवळ किंवा गावी निघालेल्या नातेवाइकाजवळ पाकीट देत असे. ते पोचेपर्यंत जीव टांगणीला.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६मधल्या अभ्यासाचा अंदाज असा, की एम-पेसामुळे केनियातली १,९४,००० कुटुंबे अतिदारिद्र्यातून बाहेर आली. या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली. पण अडीनडीला दूरच्या नातलगाकडून लगेच पैसे मागवता येतात, एवढा बदल तरी त्या टीकेने पुसला जात नाही.

आता दुसरी बाजू. बिटकॉइनचा मूळ निबंध सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या गणिताबद्दल सगळे बोलतात, पहिल्या परिच्छेदाबद्दल कोणी बोलत नाही. तो परिच्छेद व्यवहार उलटवण्याबद्दलच आहे. युक्तिवाद असा: मध्यस्थ असला की त्याला भांडणे सोडवावी लागतात, त्यासाठी व्यवहार उलटवायची सोय ठेवावी लागते, त्याचा खर्च येतो, त्या खर्चामुळे लहानसहान व्यवहार परवडत नाहीत. शिवाय गिऱ्हाईक पैसे परत ओढून घेईल या भीतीने विक्रेत्याला त्याची नको तितकी माहिती विचारावी लागते. उपाय काय, तर मध्यस्थच काढून टाकायचा.

हे वाचताना मला जाणवते ती बघणाऱ्याची जागा. हा निबंध गल्ल्यावर बसून लिहिलेला आहे. इंटरनेटवर माल विकणारा, गिऱ्हाइकाच्या लबाडीला कंटाळलेला माणूस त्यात आहे. ग्राहकाच्या रक्षणाचा उल्लेख येतो, पण तो ओझरता. आईला पैसे पाठवताना एक आकडा चुकलेला पोरगा त्यात नाही. त्याची चूक ही लबाडी नव्हे आणि त्याला मध्यस्थ जाचक वाटत नाही. त्याला मध्यस्थ हवा आहे, तोही फोन उचलणारा.

आणि नियतीचा विनोद असा, की लहान व्यवहार परवडण्याचे जे स्वप्न त्या निबंधात होते, ते केनियात एका मध्यस्थ कंपनीनेच पुरे केले. बिटकॉइनच्या मूळ साखळीत साधारण दहा मिनिटांनी एक ठोकळा जोडला जातो. सेकंदाला कसेबसे सात व्यवहार बसतात. गर्दी झाली की जागेचा लिलाव. एप्रिल २०२१मध्ये एका व्यवहाराचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेले होते. त्यावर लाइटनिंगसारखे थर चढवून स्वस्ताई आणता येते, हे खरे. पण त्या थरांचे तंत्र स्वतः सांभाळायला जमत नाही म्हणून बहुतेक लोक कुठल्यातरी कंपनीचे ॲप घेतात, आणि मध्यस्थ मागच्या दाराने घरात येतो.

एल साल्वादोरमध्ये तर तो पुढच्या दाराने आला. सप्टेंबर २०२१मध्ये त्या देशाने बिटकॉइनला कायदेशीर चलन केले आणि लोकांना ‘चिवो’ नावाचे ॲप दिले. ॲप सरकारी, चाव्या सरकारकडे, नोंदणी केल्यावर तीस डॉलर फुकट. सत्तेपासून मुक्त असलेले चलन सत्तेच्या आदेशाने वाटले गेले! आपल्या ओळखपत्रावर भलत्याच कोणी आधीच ते तीस डॉलर उचलल्याच्या तक्रारीही आल्या. बऱ्याच लोकांनी तीस डॉलर खर्चून ॲप बंद ठेवले. नाणेनिधीशी कर्जाचा करार झाल्यावर २०२५च्या सुरुवातीला बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकली गेली.

इथवर वाचून मी मध्यस्थांची वकील वाटत असेन. तर आता युगांडा.

१८ फेब्रुवारी २०१६ला तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. १९८६पासून सत्तेवर असलेले मुसेवेनी पुन्हा उमेदवार होते. मतदानाच्या दिवशी सरकारी नियामकाच्या आदेशावरून समाजमाध्यमे बंद झाली आणि त्यांच्याबरोबर मोबाइलवरून पैसे पाठवणेही. कारण सांगितले सुरक्षेचे. समाजमाध्यमांसाठी लोकांनी व्हीपीएन वापरले. पैशांसाठी तशी पळवाट नव्हती. ज्यांच्या घरात दुसरी रोख नव्हती, बँक खाते नव्हते, त्यांचेच हाल जास्त. ज्या व्यवस्थेने त्यांना जवळ केले, तिचा खटका दुसऱ्याच्या हातात होता.

नायजेरियात ऑक्टोबर २०२०मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. आंदोलनासाठी निधी जमवणाऱ्या ‘फेमिनिस्ट कोअॅलिशन’ या स्त्रियांच्या गटाला नेहमीच्या मार्गाने देणग्या घेणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी बिटकॉइन स्वीकारले. पुढच्याच महिन्यात केंद्रीय बँकेने न्यायालयाचा आदेश मिळवून आंदोलनाशी जोडलेली वीस खाती गोठवली. कोणी बसलेले नाही, ही गोष्ट त्या काळात वरदान होती. रागावण्यासारखा, धमकावण्यासारखा माणूसच तिथे नव्हता. लंडन-न्यूयॉर्कमधल्या सट्टेबाजांमुळे आपण क्रिप्टोला हसतो, ते ठीक. पण लागोसमधल्या त्या मुलींपुढे मला हसू येत नाही.

मग गरिबाला काय हवे? चुका रोज होतात, आंदोलने रोज होत नाहीत. म्हणून बहुमताने ४५६ जिंकतो, असा हिशेब मांडता येईल. मला तो अर्धाच पटतो. आग रोज लागत नाही म्हणून जिन्याचा दरवाजा कोणी भिंत बांधून बुजवत नाही. पण पाच माणसांत एक फोन आणि पावसात गळणारे छप्पर असलेल्या घरात, बारा किंवा चोवीस शब्दांची, बहुतेक वेळा इंग्रजी, गुप्त यादी जन्मभर सांभाळा, हरवलीत तर सगळे गेले, असे सांगणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे. सावध, शिकलेल्या, कपाटाला कुलूप असलेल्या माणसाचे ते स्वातंत्र्य आहे.

शिवाय ‘नियम कोणासाठीही वाकत नाही’ हे खरे आहे का? जून २०१६मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या निधीच्या कोडमधली फट वापरून कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर बाजूला काढले. कोड म्हणजेच कायदा, असे म्हणणाऱ्यांनी काय केले? जुलैमध्ये साखळीला फाटा फोडला आणि पैसे गुंतवणूकदारांना परत दिले. ज्यांना हे तत्त्वाला सोडून वाटले, ते जुन्या फांदीवर राहिले. ती आज इथेरियम क्लासिक म्हणून चालू आहे. थोडक्यात, तिथेही एक ४५६ होता. मात्र तो उचलला गेला तो बुडणारी रक्कम प्रचंड होती आणि बुडणारे ओळखीचे होते म्हणून. एखाद्याचे पन्नास डॉलर चुकीच्या पत्त्यावर गेल्यामुळे साखळीला फाटा फुटल्याचे मला तरी माहीत नाही.

म्हणून ‘विश्वास ठेवावा की ठेवू नये’ असा प्रश्नच मला नीट मांडलेला वाटत नाही. विश्वास दोन्हीकडे ठेवावा लागतो. फरक एवढाच, की सफारीकॉमला पत्ता आहे, परवाना आहे, तिच्यावर दावा लावता येतो, संसदेत तिच्या नावाने ओरडता येते. हे सगळे होईलच असे नाही. युगांडात त्या दिवशी ओरडून उपयोग नव्हता. तरी जिथे ओरडायला माणूस आहे, तिथली लढाई मला लढण्याजोगी वाटते. त्या लढाईत काय मागायचे हेही ठरवता येते: खाते गोठवले तर कोणाच्या सहीने, कोणत्या कारणाने आणि किती दिवसांसाठी.

आमच्या स्क्रीनवर खाते गोठवताना यादीतून कारण निवडावे लागते. ते कारण ग्राहकाला दिसत नाही. त्याला फक्त ‘शाखेशी संपर्क साधा’ एवढेच दिसते. मुदतीची तारीख टाकायला रकानाच नाही, म्हणजे कोणीतरी आठवणीने उठवेपर्यंत खाते गोठलेलेच. गेल्या महिन्यात डिझाइनच्या बैठकीत मी विचारले, की मुदत संपली की खाते आपोआप मोकळे होईल असे का करत नाही. काम दोन दिवसांचे आहे. उत्तर मिळाले, ‘रिक्वायरमेंटमध्ये नाही.’ मी त्याचे तिकीट काढून ठेवले आहे.