थांबण्याचे स्वातंत्र्य

शेतमालाचा व्यापार खुला असावा की राज्यसंस्थेने उभारलेल्या मंडळांच्या व बाजार समित्यांच्या नियंत्रणाखाली असावा, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा आहे आणि आकडेमोडीने तो सुटावा अशी अपेक्षा केली जाते. परंतु शेतकरी जेव्हा आपसांत हा वाद घालतात, तेव्हा ते केवळ भावाविषयी बोलत नसतात. आपल्या कष्टाचे मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार बजावण्याची शक्ती कोठून यावी, हा त्यांच्या बोलण्याचा खरा विषय असतो. त्यामुळे हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा, तितकाच नीतिविचाराचाही ठरतो.

या विचारासाठी जयपूरइतके अनुरूप ठिकाण क्वचितच आढळेल. शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेचे शास्त्र शिकविण्यासाठी केंद्र सरकारने १९८८ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय कृषी विपणन संस्था याच शहरात आहे. राजस्थानच्या कृषी विपणन मंडळाचे मुख्यालयही येथेच आहे. कूकरखेडा येथील धान्याच्या मंडीत आणि मुहाना येथील फळे-भाजीपाल्याच्या मंडीत या शास्त्राची रोजची परीक्षा होत असते. आणि येथूनच दिल्लीकडे जाणाऱ्या महामार्गावर, राजस्थान-हरियाणा सीमेवरील शहाजहानपूर येथे, डिसेंबर २०२० पासून जवळजवळ वर्षभर शेतकरी ठाण मांडून बसले होते. त्या वर्षी संसदेने केलेल्या तीन कृषी कायद्यांना त्यांचा विरोध होता. नाशिकहून निघालेला किसान सभेचा जथा २५ डिसेंबर रोजी तेथे पोहोचला, आणि त्या थंडीत राजस्थानी बोलीच्या शेजारी मराठीही ऐकू येऊ लागली.

मात्र मराठी मुलखाचा कौल एकमुखी नव्हता. १९७९ मध्ये शरद जोशी यांनी स्थापन केलेल्या शेतकरी संघटनेने याच कायद्यांतील खुल्या व्यापाराच्या तत्त्वाचे समर्थन केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन जी समिती नेमली, तिच्यात संघटनेचे अनिल घनवट सदस्य होते. एकाच भाषेत बोलणारे, कोरडवाहू शेतीचे तेच दुःख सोसलेले शेतकरी परस्परविरुद्ध निष्कर्षाला का यावेत? एका बाजूला अज्ञान आणि दुसऱ्या बाजूला शहाणपण, असे म्हणून हा भेद उडवून लावणे सोपे आहे. वस्तुतः दोन्ही बाजूंच्या पाठीशी खरा अनुभव उभा आहे.

नियंत्रित बाजाराचा जन्म अन्यायातून झाला, याचे विस्मरण होता कामा नये. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील पहिल्या नियंत्रित बाजाराचा मान कारंज्याला दिला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. खोटी मापे, मनमानी कपात, आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत, या सर्वांत मालाचा धनी असलेला शेतकरीच व्यवहारापासून अनभिज्ञ राहत असे. उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि लेखी पट्टी या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या काळी मोठ्या सुधारणा होत्या. बाजार समिती म्हणजे मूलतः व्यवहारात आणलेला उजेड होता.

परंतु उजेडासाठी बांधलेल्या घराला पुढे कुंपण पडले. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी योजनेलाच विकावा, असे बंधन आले. भाव पडले असता त्या योजनेने अनेकांना आधार दिला, हे खरे आहे. तथापि शेजारच्या राज्यात भाव चढे असत तेव्हा स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी चोर ठरू लागला. पैसेही हप्त्याहप्त्याने, विलंबाने मिळत. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत तीन दशके हा अनुभव विदर्भ-मराठवाड्याने घेतला. कुंपण रक्षणासाठी घातले की अडविण्यासाठी, हे आत उभ्या असलेल्या माणसाला केव्हा तरी विचारावेच लागते. खुल्या बाजाराची मराठी मागणी याच कुंपणाच्या आतून उठली आहे, आणि म्हणून ती केवळ व्यापाऱ्यांची भाषा म्हणून झिडकारता येत नाही.

राजस्थानचा अनुभव दुसऱ्या टोकाचा. २०२०-२१ च्या हंगामासाठी केंद्राने बाजरीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,१५० रुपये जाहीर केली होती. पण राजस्थानात बाजरीची सरकारी खरेदी होत नसल्याने बाजारात ती त्याहून कितीतरी कमी दराने विकली गेली. कागदावर हमी होती, काट्यावर नव्हती. मुगाची खरेदी होत असे, परंतु २०१८ च्या केंद्रीय योजनेनुसार ती सर्वसाधारणपणे उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच मर्यादित होती. उरलेला माल मिळेल त्या भावाने जाई. ज्याला बाजाराचे कुंपण नव्हे, तर बाजाराची उघडी माळरानेच अधिक परिचित आहेत, त्या शेतकऱ्याला ‘आता कोठेही विका’ हे आश्वासन निरर्थक वाटले तर नवल नाही. बिहारने २००६ मध्ये बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. तरीही तेथील शेतकऱ्याला आधारभूत किमतीखाली धान विकण्याची पाळी येतच राहिली.

आणि खुलेपणाची भाषा बोलणारी राज्यसंस्था स्वतः त्या भाषेशी किती प्रामाणिक राहते? २०२० च्या जून महिन्यात कोठेही विक्रीची मुभा देणारे अध्यादेश निघाले, आणि १४ सप्टेंबरला, म्हणजे त्यांचे कायद्यात रूपांतर होत असतानाच, कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये हीच बंदी पुन्हा आली. भाव पडतात तेव्हा बाजार स्वतंत्र असतो आणि भाव चढतात तेव्हा तो राष्ट्रीय चिंतेचा विषय होतो. चाकणच्या १९८० च्या कांदा आंदोलनापासून मराठी शेतकरी जे गाऱ्हाणे मांडत आला, त्याचे मर्म या एका विसंगतीत सामावलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, शहरातील मजुराच्या ताटाचा विचार कोणी करायचा? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. धान्य स्वस्त असावे ही गरिबाची रास्त अपेक्षा आहे. परंतु एका गरिबाच्या ताटासाठी येणारा खर्च दुसऱ्या गरिबाच्या खळ्यातून वसूल करावा, असा नियम कोणत्याही न्यायबुद्धीला मान्य होणार नाही. तो भार समाजाने सामाईक तिजोरीतून, उघडपणे उचलावयाचा असतो. निर्यातबंदीने तो गुपचूप एकाच्याच माथी मारला जातो.

मग स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय? बाजारात शेतकरी कोणत्या अवस्थेत येतो, हे पाहिले म्हणजे उत्तराची दिशा दिसते. सुगी संपताच सावकाराची उचल फेडायची असते, पुढच्या पेरणीचे बियाणे आणायचे असते, घरात लग्न वा आजारपण असते. समोरचा खरेदीदार महिनाभर थांबू शकतो, हा आठवडाभरही थांबू शकत नाही. व्यापारी धान्य विकत घेतो, परंतु भाव ठरतो तो विकणाऱ्याच्या निकडीवर. राजस्थानात मे २०२० मध्ये २ टक्के कृषक कल्याण शुल्क लागले तेव्हा व्यापाऱ्यांनी मंड्या बंद ठेवल्या. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले तेव्हाही तेच घडले. बाजार बंद ठेवण्याची ताकद ज्याच्याकडे असते, तोच त्या बाजारात खरा स्वतंत्र असतो.

यावरून दोन्ही पक्षांचे अपुरेपण स्पष्ट होते. सक्तीचे मंडळ शेतकऱ्याचा निघून जाण्याचा हक्क काढून घेते. निराधार खुला बाजार त्याची थांबण्याची शक्ती काढून घेतो. दोहोंचा परिणाम एकच होतो: माल केव्हा आणि कोणाला विकायचा हे मालकाखेरीज दुसरेच कोणी ठरविते. निघून जाण्याचा हक्क असून थांबता येत नसेल, तर तो हक्क पोकळ आहे. थांबण्याची सोय असून जाण्यास बंदी असेल, तर ती सोय कोंडवाड्यातील वैरणीसारखी आहे.

थांबण्याची शक्ती ही काही काल्पनिक वस्तू नव्हे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ मध्ये शेतमाल तारण योजना सुरू केली. धान्य बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळावी आणि भाव सुधारल्यावर माल विकावा, अशी ती साधी योजना. तिचा लाभ थोड्यांनाच मिळाला, परंतु तिच्यातील विचार मोलाचा आहे. येथे मंडळ शेतकऱ्याच्या वतीने विकत नाही, त्याला विकण्यापासून रोखतही नाही. ते त्याला केवळ वेळ देते. सार्वजनिक संस्थेचे खरे कर्तव्य एवढेच, आणि एवढे मोठे, असावे.

केंद्रीय कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले, शहाजहानपूरचे तंबू उठले, आणि पुष्कळांना वाद मिटला असे वाटले. वस्तुतः मिटला तो एक कायदा. प्रश्न जेथल्या तेथे आहे. जो समाज आपल्या अन्नदात्याला ‘तू स्वतंत्र आहेस’ असे सांगतो, त्याने त्या स्वातंत्र्याबरोबर चार महिन्यांची उसंतही दिली पाहिजे. कारण ज्याला ‘आज विकत नाही’ असे म्हणता येत नाही, त्याने दिलेला होकार हा होकार मानता येत नाही.