लेखणीची निगा आणि कर्तेपण

खंडेनवमीला यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घासूनपुसून मांडतात. दसऱ्याला पाटी-पुस्तकाची पूजा होते आणि लिहित्या माणसाच्या घरी लेखणीलाही हळदकुंकू लागते. हा झाला एका दिवसाचा मान. पण शाईचे पेन वापरणाऱ्याला ते वर्षभर धुवावे, पुसावे, जपावे लागते. या रोजच्या निगेला धर्माच्या हिशेबात काही जागा आहे, की ती निव्वळ वस्तूची ओढ म्हणायची? माझ्या मते तिला जागा आहे, आणि ती एका दिवसाच्या पूजेहून वरची आहे. कारण ‘हे मी केले’ हा ताठा तिच्यामुळे सैल होतो.

आधी पेनाकडेच पाहावे. शाईचे पेन जोर देऊन चालत नाही. निबेच्या मधल्या चिरेतून शाई केशाकर्षणाने कागदापर्यंत येते, आणि जेवढी शाई उतरते तेवढी हवा निबेखालच्या खाचांतून आत जाते. हात जड पडला की निबेची दोन टोके फाकतात आणि शाईची रेघ मध्येच तुटते. उन्हाळ्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा टोपण उघडे राहिले, तर शाई निबेवरच वाळते. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि भरल्या कागदावर थेंब पडतो. उपाय साधे आहेत. टोपण लावावे, शाई वेळेवर भरावी, शाई बदलताना पेन साध्या पाण्याने नितळ पाणी निघेपर्यंत धुवावे आणि निब खाली करून सुती फडक्यावर सुकू द्यावे. गरम पाणी मात्र वापरू नये, त्याने एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाचा रंग उडतो. यातली प्रत्येक कृती लिहिणाऱ्याकडून एकच कबुली घेते, की अक्षर एकट्याच्या इच्छेने उमटत नाही. हवा, ऊन, शाई आणि कागद यांचे सहकार्य लागते आणि ते हुकूम देऊन मिळत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. हे पाच असताना जो फक्त स्वतःला कर्ता मानतो, त्याची दृष्टी सदोष आहे, असेही लगेच पुढे म्हटले आहे. यावर जाणकार हरकत घेतील की शंकराचार्यांच्या भाष्यात करण म्हणजे इंद्रिये. पेन, कुऱ्हाड अशी बाहेरची हत्यारे नव्हेत. हरकत रास्त आहे, पण तिने युक्तिवादाला बळच मिळते. डोळे आणि हात यांना आपण ‘मी’च म्हणतो. त्यांचा वाटासुद्धा वेगळा मोजायचा असेल, तर जे उघडच आपल्याबाहेर आहे त्याचा वाटा नाकारायला काहीच आधार उरत नाही.

दुसरी हरकत अपरिग्रहाची. आज एका पेनाची निगा, उद्या दहा पेनांचा संग्रह, आणि मग ‘माझ्या पेनाला हात लावू नका’. ही घसरण खरी आहे. पण काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली १९१५च्या मुंबई काँग्रेसच्या वेळची हकीकत इथे तपासून पाहावी. गांधीजी पेन्सिलीचा एक लहानसा तुकडा शोधत होते. कालेलकर स्वतःची पेन्सिल देऊ लागले, ती त्यांनी घेतली नाही. मद्रासला प्रकाशक नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला तुकडा हरवून चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अपरिग्रहाचे व्रत घेणारा माणूस एवढ्याशा वस्तूसाठी अडून बसतो, कारण तिच्यामागे कुणाचे तरी देणे असते. निगा आणि मालकी यांतला फरक इथेच कळतो. परक्या जड हाताने निब बिघडते म्हणून जपून द्यावे, हा व्यवहार झाला. समोरच्याची सही अडली असतानाही पेन खिशातून न काढणे ही आसक्ती, आणि तिचे समर्थन कुठल्याच शास्त्राने होणार नाही.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे. कर्ज आणि नापिकीने शेतकऱ्यांचे जीव घेतलेल्या या जिल्ह्यात पेनाची काळजी करणे हा खुशालचेंडूंचा विचार नव्हे काय? शेतकऱ्याला हा धडा लागतच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे तुपाहळदीने चोळतो, शेकतो आणि त्याला जेवायचे आवतण देतो. आपण कुणाच्या खांद्यावर जगतो हे त्याला ठाऊक असते. बैलाला वेदना आहे, पेनाला नाही, हे कबूल. म्हणून पेनाची निगा ही दया ठरत नाही, ती केवळ स्वतःला लावलेली शिस्त आहे. पण तिची गरज लेखणीवर पोट भरणाऱ्यालाच अधिक आहे. सातबारावर नोंद घेणारा, कर्जाचा अर्ज तपासणारा, खटला लिहिणारा, बातमी देणारा, या सगळ्यांच्या एका ओळीने कुणाचे तरी घर तरते किंवा बुडते. ती ओळ आपल्या एकट्याच्या बुद्धीची, हा भ्रम त्यांनाच लवकर होतो. विळा धरणाऱ्यापेक्षा लेखणी धरणारा श्रेष्ठ, हा समजही त्यातूनच पोसला जातो. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे वकील होते, पुढे ‘तिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहिणारे पंडित. पण १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहात राखीव रानातले गवत कापायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

चांगले लिहायला चांगले पेनच लागते, असे कुणी यातून काढू नये. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिले. साधनाने विचाराची थोरवी वाढत नाही; साधनाकडे लक्ष दिल्याने लिहिणाऱ्याला आपली मर्यादा कळते, एवढाच माझा दावा आहे. पण तेवढे कळले की पुढचा हिशेब टळत नाही. ज्याने लेखणीचे ऋण मानले, त्याला कागद-शाई बनवणाऱ्याचे आणि ज्याच्या दुःखाविषयी आपण लिहितो त्याचेही ऋण मानावेच लागेल. ते मानले नाही, तर पेन कितीही स्वच्छ असो, निगेतून तो काहीच शिकला नाही असे म्हणावे लागेल.