वर्गाबाहेर काढलेलं मूल

"खरूज झालेलं पोर वर्गात बसू द्यावं का, नाना?" शुभाने विचारलं.

"छे! घरी धाडावं. बाकीच्यांना लागण होऊ द्यायची?" नाना जुने मुख्याध्यापक.

"न्यूयॉर्कने तेच केलं. १८९७ पासून डॉक्टर शाळांत फिरून खुपऱ्या, गजकर्ण, खरूज, उवा असलेली मुलं बाहेर काढत. १९०२ च्या एकट्या सप्टेंबरात १०,५६७ मुलं घरी गेली."

"योग्यच केलं."

"पण उपचार कोण करणार? हातात चिठ्ठी दिली की संपलं. आईबाप परदेशातून आलेले, अनेकांना ती वाचताही येत नसे. शाळा सुटली की तेच मूल त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळायचं. लागण चालूच, शिक्षण तेवढं बंद. मग घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या लिलियन वॉल्डने लीना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांना दिली. ती शाळेतच मलमपट्टी करी, घरी जाऊन आईला सगळं करून दाखवी. महिनाभरात गुण दिसला, शहराने आणखी परिचारिका नेमल्या. पुढच्या सप्टेंबरात घरी पाठवलेली मुलं १,१०१."

"खरजेचं ठीक आहे. घटसर्पाला मलम लावशील?"

"नाही. ते मूल वेगळं ठेवावंच लागेल."

"आणि आईने दार लावून घेतलं तर?"

इथे शुभा अडखळली. मग तिने १९१६ च्या पोलिओच्या साथीचा विषय काढला. त्याच न्यूयॉर्कमध्ये सुमारे नऊ हजार रुग्ण, त्यांतले चोवीसशेच्या आसपास दगावले. वेगळी खोली, वेगळा संडास आणि सेवेला माणूस असेल तरच मूल घरी राहू शके. नाहीतर इस्पितळात नेत. "रोग एकच, नाना. पैसेवाल्यांचं मूल आईजवळ, चाळीतलं मात्र उचललेलं. शिवाय पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांत लक्षणं दिसतच नाहीत. न दिसलेली मुलं उचललेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती."

"हे आज कळतं. तेव्हाच्या अधिकाऱ्याने काय करायचं होतं? ठाऊक नाही म्हणून हात बांधून बसायचं?"

हा प्रश्न मला टाळता येत नाही. मुलं मरत असताना अर्धवट ज्ञानावरही पाऊल उचलावं लागतं.

"बसू नये," शुभा म्हणाली. "पण घरात जादा खोली नाही हा त्या आईचा गुन्हा नव्हे. मूल नेलं तर तिला रोज भेटू द्या, रोजगार बुडाला तर भरून द्या."

"एवढा पैसा शहर कुठून आणणार?"

"इतरांची मुलं वाचावीत म्हणून तिचं मूल नेतो ना आपण? मग खर्च इतरांनीच करायचा."

नानांना हे पूर्ण पटलं नाही, मला पटलं. आजही कुठल्याही मुख्याध्यापकाने आजारी मूल घरी पाठवताना त्याच्या घरी कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरवावं.