चोख चांदी आणि कृतज्ञतेचा कर्ता

लष्करी परंपरेतील चांदीचा मानचषक ही केवळ शोभेची वस्तू नसते. ती एक संहिता असते. देणारा, घेणारा, प्रसंग आणि वर्ष यांचा उल्लेख तिच्यावर कोरलेला असतो. इंग्लंडातील चांदीवरील ठशांवरून कारागीर, परीक्षणाचे ठिकाण आणि वर्ष ओळखता येते. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाहीही ते देतात. त्या चांदीमागील पराक्रमाची किंमत कोणी मोजली, याविषयी मात्र ते मूक असतात. धातूची शुद्धता आणि व्यवहाराची शुद्धता या भिन्न गोष्टी होत. मराठीत दोहोंसाठी 'चोख' हा एकच शब्द असल्याने त्यांतील अंतर नजरेआड होण्याचा संभव अधिक.

ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या दोन लढायांशी निगडित वस्तूंतून हे अंतर स्पष्ट होते. २१ जून १८१३ रोजी स्पेनमधील व्हितोरिया येथे जोसेफ बोनापार्टचा पराभव झाला. त्याच्या सामानातील चांदीचे मूत्रपात्र चौदाव्या लाइट ड्रॅगून्स या ब्रिटिश घोडदळ पलटणीच्या हाती लागले. पलटणीने त्याला 'एम्परर' हे नाव दिले आणि त्यातून शँपेन पिण्याची प्रथा पाडली. वारस पलटणींनीही ती पाळली. शत्रूची अप्रतिष्ठा हाच या विधीचा आशय आहे. तो नीतिदृष्ट्या श्रेष्ठ नाही. पण त्यात लपवाछपवीही नाही. हे पात्र स्वतःला लूटच म्हणवते.

'डेक्कन सर्व्हिस' या नावाने ओळखला जाणारा, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा भोजनसंच याहून गुंतागुंतीचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांनी दिलेला हा संच १८०६-०७ मध्ये लंडनमध्ये घडवला गेला; तो अॅप्सली हाउसमध्ये जतन केलेला आहे. तो लुटीचा नव्हे, भेटीचा आहे. अधिकाऱ्यांची भावना खोटी मानण्याचेही कारण नाही. मराठ्यांच्या तोफांसमोर तेही उभे राहिले होते.

तथापि भावना खरी असल्याने तिचा उच्चार पूर्ण ठरत नाही. मार्सेल मॉसने १९२५ मधील निबंधात दानाला परतफेडीच्या बंधनापासून वेगळे करता येत नाही, हे दाखवले. येथे भेट हीच परतफेड आहे: सेनापतीने मिळवून दिलेल्या कीर्तीची. पण ती कीर्ती एकट्या सेनापतीने मिळवलेली नव्हती. असईत वेलस्लीच्या फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. त्यांत मद्रासच्या पलटणींतील हिंदी शिपाईही होते. देणे-घेणे पूर्ण झाले ते अधिकारी आणि सेनापती यांच्यात. शिपाई या वर्तुळात दाता नाही, ग्रहीता नाही. समोरच्या बाजूचा मृत सैनिक तर त्याहून दूर.

अशा वस्तू वितळवाव्यात काय? तसे केल्यास मौन तेवढे पूर्ण होईल. मग त्या निव्वळ कलाकृती म्हणून पाहाव्यात काय? तसे केल्यास कारागिरीची साक्ष उरेल आणि प्रसंगाची पुसली जाईल. समीक्षेला उरतो तो कठीण मार्ग: कोरलेल्या प्रत्येक नावापाशी थांबून, या कृतज्ञतेचा कर्ता कोण आणि तिचे ऋण कोणाचे, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे. पहिल्याचे उत्तर चांदीवर सापडते. दुसऱ्याचे तिच्याबाहेर, असईच्या रणभूमीवर शोधावे लागते.