घोडा का अडला?

लहानपणी आजी कोडं घालायची : घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. माथेरानला जाईपर्यंत मला ते उत्तर पुरेसं वाटायचं.

दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून मी घोडा केला. सपाट रस्त्यावर घोडेवाल्याने त्याला दुडक्या चालीने पळवलं, तेव्हा त्याची मान झटक्याझटक्याने वर जात होती. मला ती ऐट वाटली. मैत्रिणीने व्हिडिओ काढला.

तो पाहून ओळखीची एक पशुवैद्य म्हणाली, "पुढचा पाय दुखतोय त्याचा." दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर घेतो. त्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. दुखणं बहुतेकदा खुरातच असतं : रुतलेला खडा, साचलेला पू, नीट न बसलेला नाल. आणि घोडा ही मुळात शिकाऱ्यांना भिऊन जगणारी जात, त्यामुळे तो दुखणं लपवतो.

"मला माहीत नव्हतं" हे खरंच होतं. पण मान माझ्या डोळ्यांसमोर हलत होती. मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं तर उतरावं लागलं असतं.

घोडेवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण बांधून ठेवलेला घोडाही खातोच. मुंबईतल्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिलाच. आणि जिथे बंदी नाही, तिथे ठरवायचं मलाच आहे. मी उतरले असते तर दुसरं कुणी बसलं असतं, हेही खरं. पण त्या दिवशी त्याच्या पाठीवर वजन माझं होतं.

गेल्या वर्षी पुन्हा गेले. "दादा, आधी थोडा पळवून दाखवा ना." त्यांनी पळवला. मान वर गेली.

"सकाळी खडा लागलाय ताई, एवढं काही नाही."

मी ठरलेले पैसे दिले, आज याला बांधून ठेवा म्हटलं आणि चालत निघाले. स्वतःवर बरीच खूश होते.

संध्याकाळी परतताना नाक्यावर तपकिरी घोड्यांची रांग उभी होती. काहींवर माणसं बसत होती. त्यातला माझा कोणता, मला ओळखता आलं नाही. नावही विचारलं नव्हतं.