समेटाआधीचे परिवर्तन

बायबलमधील पहिल्या ग्रंथाने, म्हणजे ‘उत्पत्ती’ने, घरातील कलहाचे मूळ झाकून ठेवलेले नाही, याकोबाने योसेफाला इतर मुलांहून अधिक माया लावून खास झगा करवला आणि त्या पक्षपातातून पेटलेल्या मत्सरापायी भावांनी १७ वर्षांच्या योसेफाला चांदीच्या २० नाण्यांना विकले. विक्रीची कल्पना त्या भावांपैकी यहूदाची होती.

गुलामी आणि तुरुंगवास सोसून योसेफ मिसर देशाचा कारभारी झाल्यावर, दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे येतात, तेव्हा तो त्यांना ओळखतो, पण ओळख देत नाही. दुसऱ्या खेपेला तो धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला ठेववतो, कारण बापाच्या या लाडक्यालाही ते वाऱ्यावर सोडतात काय, हे त्याला पाहायचे असते. प्याला सापडून बन्यामिनावर गुलामीची वेळ येते, तेव्हा यहूदाच पुढे होऊन भावाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो आणि योसेफाला रडू आवरत नाही.

क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. दुखावलेल्याने सूड सोडला आणि दुखावणाऱ्याने वर्तन बदलले, म्हणूनच तुटलेले नाते सांधले गेले. योसेफ भावांच्या कृत्याला वाईटच म्हणतो, मात्र त्यातूनही देवाने अनेकांचे प्राण वाचवले, अशी त्याची श्रद्धा आहे, आणि ईश्वरी योजनेवरचा हाच विश्वास संकटातील माणसाला धीर देतो. ज्या घरात आज अबोला आहे, तेथे यहूदासारखे पहिले पाऊल कोणीतरी टाकावे.