फोकस कुणाच्या हाती?

संगणकाच्या पडद्यावर चौकटी आणि बटणे कितीही असोत, कळफलकावर दाबलेले अक्षर एका वेळी त्यांतल्या एकालाच मिळते. ज्याला मिळते, त्याच्याकडे फोकस. टॅब दाबला की फोकस पुढे सरकतो, शिफ्ट धरून टॅब दाबला की मागे येतो. हा क्रम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लावायचा असतो. तो लावायचा राहिला, की फोकस नावावरून पत्त्याकडे न जाता थेट ‘रद्द करा’वर जाऊन बसतो. माउसने काम करणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

अंध व्यक्तीला मात्र लगेच लागतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. फोकस जिथे जाईल, तिथे काय आहे ते तो बोलून सांगतो. ज्याचे काम या आवाजावर चालते, त्याचा फोकस हरवला तर कामच अडते.

आणि तो हरवतो अगदी साध्या कारणाने. एखादा प्रोग्रॅम संगणकावर बसवताना ‘पुढे’ हे बटण दाबत दाबत आपण शेवटच्या पानावर येतो. आता पुढे काही नाही, म्हणून प्रोग्रॅम ते बटण निकामी करतो. फोकस मात्र त्याच्यावरच राहतो. विंडोज तो आपणहून हलवत नाही. मग एंटर कितीही दाबा, ढिम्म! खरे तर बटण बंद करण्याआधी फोकस ‘पूर्ण’ या बटणाकडे सोपवला असता, तर एका ओळीत भागले असते.

याच्या उलट दोष फोकस हिसकावण्याचा. पासवर्ड टाइप होत असताना भलतीच विंडो पुढे येते आणि उरलेली अक्षरे तिच्यात पडतात. म्हणून विंडोज ९८ आणि २००० पासून मागे चाललेल्या प्रोग्रॅमला सहसा परस्पर पुढे घुसता येत नाही. टास्कबारवरचे आपले बटण लुकलुकवायचे आणि वाट पाहायची, एवढीच त्याला मुभा.

जाताना जबाबदारी सोपवून जावे आणि बोलायचे असेल तर खूण करून थांबावे, हे यंत्राला शिकवावे लागले. आपल्यालाही ते अधूनमधून शिकावे लागते, कारण माणसाचे लक्षही एका वेळी एकाच ठिकाणी असते. आज कुणी हिशेब जुळवत, वाचत किंवा लिहीत बसलेले दिसले, तर क्षणभर थांबा. त्याची मान वर होऊ द्या, मग बोला.